वळणावरची दोन मिनिटं

"रिकामा डंपर रोज त्याच वळणावर ट्रॅकिंगच्या पडद्यावरून दोन मिनिटं गायब होतो. म्हातारा डिझेल विकतोय, दुसरं काय!" तांब्याच्या खाणीची मॅनेजर यास्ना म्हणाली. डंपरचा ड्रायव्हर निबाल्दो, त्याला विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. "तुमची अँटेनाच भलत्या जागी बसवलीय, इंजिनियर."

चोराच्या उलट्या बोंबा, मला वाटलं. तरी मी त्याचा डंपर जसाच्या तसा संगणकात उभा केला आणि चहूबाजूंनी सिग्नल सोडून पाहिले. अँटेना केबिनच्या मागे होती. हौदा वर उचलला की ती झाकली जायची, एरवी कधीच नाही. माझा संशय दुप्पट झाला. रस्त्यात हौदा उचलला तर नोकरी जाते. मग रिकामा हौदा हा उचलतो कशाला?

दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर दगडाआड बसलो. डंपर येऊन थांबला. डिझेल घ्यायला कुणीच आलं नाही. रस्त्याकडेला पत्र्याची एवढीशी अनिमिता, म्हणजे स्मृतीची देवळी होती, तिथेच मेलेल्या एका ड्रायव्हरची. आत कागदी फुलं आणि त्याचं हेल्मेट. निबाल्दोने डोक्यावरची टोपी काढली. मग हौदा सावकाश पूर्ण वर गेला, थांबला, आणि तसाच सावकाश खाली आला.

"मग? अँटेना कुठे हलवायची?" यास्नाने विचारलं.

संगणकाने जागा केव्हाच दाखवली होती. केबिनच्या पुढच्या कडेला बसवली, तर सिग्नल क्षणभरही तुटणार नव्हता.

"आहे तिथेच राहू दे," मी म्हटलं. "त्या वळणावर डोंगर आडवा येतो."