डावं पान

"एका जागी पाच मिनिटंही बसत नाही," गिझेला बाईंनी वाचलं. चष्मा वर सरकवला आणि पुढच्या ओळी घेतल्या. "सातच्या पुढे मोजता येत नाही. कात्री मुठीत धरतो. काही विचारलं की उत्तर द्यायचं सोडून खिडकीबाहेर बघतो."

दुसऱ्याच वाक्याला एत्काला कळलं, ही वाक्यं आपली आहेत. कॉलेजातून या बालवाडीत शिकाऊ म्हणून येऊन तिला सहा आठवडे झाले होते. कागद तिच्याच वहीतला होता. कोपऱ्यात तिनेच पेन्सिलीने काढलेली गोगलगाय होती. इथे प्रत्येक मुलाला एक खूण असते, खुंटीवर, टॉवेलवर, पेल्यावर. कुणाची छत्री, कुणाचं बदक, लाझारची गोगलगाय. निरीक्षणाच्या वहीत नाव घालायचं नाही, खूणच काढायची, हे गिझेला बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता गोगलगायीशेजारी निळ्या शाईत लाझारचं पूर्ण नाव होतं, जन्मतारखेसकट. अक्षर बाईंचं.

समोर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर लाझारची आई गुडघे जवळ घेऊन बसली होती. "म्हणजे पहिलीत नाही घेणार त्याला?"

"घेणार ना! का नाही घेणार? रुळांपलीकडच्या शाळेत. तिथे वर्गात आठच मुलं, सगळी अशीच. त्याचंच भलं होईल." बाईंच्या बोलण्यात साखर कधी कमी पडत नसे. "इथल्या पहिलीत तुमच्या वस्तीतली दोन आधीच घेतलीत हो. तुम्ही सही करा, दुपारच्या टपालाने कागद शाळा ठरवणाऱ्या समितीकडे जाईल."

रुळांपलीकडच्या शाळेत गेलेलं मूल पुन्हा अलीकडच्या शाळेत आल्याचं तिसा नदीकाठच्या या गावात कुणालाच आठवत नव्हतं. खोलीतल्या तिघींनाही ते ठाऊक होतं.

"बाई, उजवं पान?" एत्का म्हणाली.

"कुठलं गं?"

"एकाच मुलाची दोन पानं लिही म्हणाला होतात. डाव्या पानावर काय येत नाही ते, उजव्या पानावर काय येतं ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की मूल दिसतं, म्हणालात. हात आखडू नकोस, माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, असंही म्हणालात."

"अगं, तो सराव होता."

"मग डावं पानही सरावच होतं ना?"

बाईंनी कागद एत्काकडे फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही तुझीच ना, बाळ?"

सही तिचीच होती. प्रत्येक पानाखाली सही करायची सवयही बाईंनीच लावली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे एत्काला आत्ता कळत होतं. आणि गळा एकट्या तिचाच नव्हता.

लाझारची आई तिच्याकडे वळली. "एत्काताई, यात खोटं लिहिलंय का काही?"

एत्काने कागदाकडे पाहिलं. पाच मिनिटं बसत नाही, खरं होतं. कात्री मुठीत धरतो, तेही खरं. एकही ओळ खोटी नव्हती. कॉलेजात वाखाणतील अशी, मन लावून केलेली नोंद होती ती.

"खोटं नाही," ती म्हणाली. "पण अर्धंच आहे. सातला अडकला, म्हणून मी त्याच्यापुढे अक्रोडांची टोपली ठेवली. म्हटलं, घरी कुणाकुणाला देशील? तर एकेक नाव घेत बारा जणांना बारा वाटले त्याने. एकालाही विसरला नाही. ते उजव्या पानावर आहे. वही या कपाटात आहे."

"नावं घेणं म्हणजे मोजणं नव्हे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि शुक्रवारी तुझा परीक्षेचा पाठ आहे ना गं? मी गुण द्यायला बसणार आहे मागे. तयारी झाली का त्याची?"

एत्का कपाटाशी गेली. दार ओढलं. कुलूप होतं. किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोरीला होती आणि बाई जागच्या हलल्या नाहीत.

"द्या ना किल्ली," एत्का म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा चढला नाही.

लाझारची आई उठली. पेनाला तिने हात लावला नव्हता.

"सही नसली तरी कागद जाणारच," बाई म्हणाल्या. "आईने नकार दिला, एवढी नोंद होईल फक्त."

"होऊ दे."

दाराच्या काचेतून लाझार दिसत होता. गोगलगायीच्या खुंटीखाली बसून तो बूट चढवत होता, डावा उजव्या पायात. एत्का दिसताच त्याने हात हलवला. तिला हात वर करता येईना.

आई तिच्याजवळ येऊन थांबली. "हल्ली घरी तेरा मोजतो," ती म्हणाली. "रोज जेवणाआधी अक्रोड मांडतो. बारा आम्हा घरच्यांचे, तेरावा एत्काताईचा. तो खिडकीत ठेवतो, कुणाला हात लावू देत नाही."

एत्काने मान खाली घातली.

"आजपासून बाराच मोज म्हणते त्याला," आई म्हणाली, आणि पोराचे बूट सरळ करायला बाहेर गेली.