पाणी अजून तयार नाही

तपासणीच्या औषधाचे थेंब पडताच काचेच्या नळीतलं टाकीचं पाणी पुन्हा गडद हिरवं झालं. वडिलांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर ढकलून निरखली आणि पुटपुटले, "ह्याला झालंय तरी काय?"

"झालं का, बाबा?" मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं. रोज विचारायची.

"नाही गं. अमोनिया परत वाढलाय. आज मासे सोडले तर संध्याकाळी उताणे तरंगतील."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी आवरू लागली.

हॉलची अख्खी भिंत त्या काचेच्या टाकीने अडवली होती. जावयाने ती मोठ्या हौसेने आणली, दुकानदाराकडून जागेवर बसवून घेतली आणि मग हात टेकले. तेव्हा मुलीने वडिलांना फोन केला. जन्मभर मासे पाळलेला माणूस. बायको गेल्यापासून दुसऱ्या गावी एकटाच राहणारा. ते बॅग घेऊन आले, ते दारातच सांगून मोकळे झाले, "मासे सोडले की मी निघालो. मुलीच्या घरी मुक्काम ठोकणाऱ्यांतला मी नाही."

त्यांनी वाळू धुऊन पसरली, झाडं लावली, फिल्टर सुरू केला. नात लगेच काचेला नाक लावून उभी राहिली. "मासे कुठायत?"

"आधी त्यांचे नोकर येऊ देत," आजोबा म्हणाले. "माशांची घाण खाणारे जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, फिल्टरच्या स्पंजमध्ये बिऱ्हाड करतात. ते वाढेपर्यंत त्यांना अमोनिया पाजायचा. पाजलेला सगळा एका दिवसात फस्त झाला, की पाणी तयार."

नात शाळेत सांगून आली, आमच्याकडे अदृश्य मासे आहेत आणि आजोबा त्यांना औषध पाजतात.

पण पाणी तयार होईना. नळीतला रंग हिरव्याचा पिवळ्याकडे झुकायचा, वडिलांना हुरूप यायचा आणि मग सगळं पुन्हा मूळपदावर. त्यांनी पंप उघडून पाहिला, हीटर तपासला, अमोनियाची बाटली बदलली.

"बाबा, तुमचे नोकर संपावर गेलेत," जावई म्हणाला. वडीलही हसले.

एका दुपारी मुलगी त्यांच्या खोलीत टेप लावून भिंत मोजताना दिसली.

"काय गं?"

"काही नाही. असंच." तिने टेप पाठीमागे धरली.

वडिलांनी पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांनी आपले कपडे खुंटीवरून काढून बॅगेत ठेवायला सुरुवात केली. टॉवेलसुद्धा. खोली लागत असेल तर आपला पसारा नको.

मग एकदा फिरून परत येताना दारातच त्यांच्या कानावर आलं.

"माझं तोंडच उघडत नाही," मुलगी नवऱ्याला म्हणत होती. "बाबांचा स्वभाव माहितीये ना तुला?"

"पण टाकीच्या नावावर किती ढकलायचं? कधीतरी बोलावंच लागेल."

वडिलांनी काढलेली चप्पल आवाज न करता पुन्हा पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बसले. बाकावर शेजारी कोणी नव्हतं ते बरंच झालं. आपल्याच लेकीला आपल्याशी बोलायची चोरी व्हावी! अंधारून येईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, "उद्या निघतो मी. टाकीचं पुढचं दुकानदार बघेल."

मुलीच्या हातातली बशी टेबलावर आपटली. "अर्धवट टाकून?"

"टाकी कुठे पळून चाललीये?"

"तसं नाही, बाबा, पण..." ती एकदम उठून आत गेली.

सुटली बिचारी, असं मनाशी म्हणत वडील दुकानाकडे निघाले.

दुकानदार एका टाकीची काच पुसत होता. वडिलांनी बसायचंही टाळलं.

"माझ्याच्याने होत नाहीये," ते म्हणाले. "तुमच्या जुन्या टाकीतला थोडा स्पंज नेऊन घाला, मधूनमधून पाणी तपासा. मासेही तुम्हीच सोडा. मी गावी चाललोय."

"जाताय? आणि एवढा मुरलेला माणूस एका टाकीपुढे हरला?"

"पाणी ऐकतच नाही माझं. काय चुकतंय तेही कळेना."

दुकानदाराने फडकं खाली ठेवलं. हसू दाबताना त्याचे गाल फुगले होते.

"तुमचं काही चुकत नाहीये हो. मी सांगणार नव्हतो, पण आता राहवत नाही. परवा तुमची मुलगी आली होती. म्हणाली, 'बाबा झोपले की तो फिल्टरचा स्पंज रोज उकळत्या पाण्यात धुते, हात सोलवटले माझे. पाणी तयारच होऊ नये म्हणून दुसरं काही सोपं मिळेल का तुमच्याकडे?'"