थाळीएवढं चक्र

होबार्टच्या टेकडीवरच्या शुश्रूषागृहातल्या अंध बायकोला, बेरिलला, भेटायला नेव्हिल रोज सायकलने जायचा. हल्ली चढावर गुडघे साथ देईनात. मुलीने मागच्या चाकाची झिजलेली कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांची चळत, उतरवली आणि नवी, चढ सोपा करणारी दातेरी चक्रं खाचा जुळवून बसवली. सगळ्यांत मोठं चक्र पाहून नेव्हिल भडकला. "ही थाळी म्हाताऱ्यांना लागते!" "मग यापुढे फक्त रविवारी, माझ्या गाडीतून चला, बाबा." त्याने पाना उचलून तिच्यापुढे धरला. तिने चक्रं धरून ठेवणारी कडी करकचून आवळली. दुसऱ्या दिवशी बेरिलने व्हरांड्यात नवऱ्याची पावलं ओळखली, पण नेहमीची धाप ऐकू आली नाही. "बसने आलास ना, लबाडा?" नेव्हिलने सायकल जवळ आणून तिचा हात चक्रांवर ठेवला. तिची बोटं दाते चाचपत थाळीच्या कडेपर्यंत गेली. "म्हणजे रोजचा छळ चालूच राहणार," म्हणत तिने तेलकट बोटं त्याच्याच गालाला पुसली.