साठापैकी पस्तीस

डॉक्टर खोलीबाहेर पडले आणि नानांनी मान वळवली. लेकीकडे नाही, सुनेकडे.

"काय म्हणाले गं ते?"

ताईने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आईच्या आजारपणापासून डॉक्टरांचं बोलणं सोपं करून सांगायचं काम या घरात तिचं होतं. सोडियम असो नाहीतर क्रिएटिनिन, आत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिलाच विचारत. आणि आता ही भावजय. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, त्यात डॉक्टर म्हणजे दातांची. दातवालीला हृदयातलं काय कळतंय, हे ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

सून पलंगाच्या कडेला टेकली. "नाना, हार्ट फेल्युअर म्हणाले."

"अगं!" ताई ओरडलीच. तो शब्द तिने वर्षभर नानांच्या कानावर पडू दिला नव्हता. हृदय थोडं थकलंय, एवढंच ती सांगत आली होती.

"ताई, थांबा ना जरा. नाना, फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. पंप चालू आहे, जोर कमी झालाय. ते पस्तीस टक्के म्हणाले ना? ते शंभराशी ताडून नाही बघायचे. धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर ढकलत नाही. साठ टक्क्यांच्या आसपास ढकलतं."

"म्हणजे साठापैकी पस्तीस?" नाना उठूनच बसले. "मग मी पास की गं!"

"पास. पण अभ्यास सोडायचा नाही. मीठ कमी, गोळ्या वेळेवर."

नाना खळखळून हसले. असं हसू ताईने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि ते आणलं होतं हिने. तिचा नुसता जळफळाट झाला.

"हा शब्द मी मागच्या वर्षीच ऐकला होता," नाना सुनेला सांगू लागले. "डॉक्टर दारात हिच्याशी बोलत होते तेव्हा. घरी आल्यावर ही म्हणते, थकलंय. म्हटलं, पोरगी लपवतेय म्हणजे आपलं काही खरं नाही. झोपायचीसुद्धा भीती वाटायची गं."

ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. वर्षभर तिने त्यांना जिवापाड जपलं होतं. पाठीमागे ती दोघं बिनमिठाच्या जेवणावरून थट्टा करत होती.

तेवढ्यात आत्याचा फोन आला, तो मात्र ताईलाच. तिने तो असा झडप घालून उचलला, जणू सून हिसकावूनच घेणार होती.

"काही काळजी करू नकोस, आत्या. हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. पंप चालू आहे, जोर कमी झालाय. पस्तीस टक्के, पण ते शंभराशी ताडून नाही बघायचे..."

शब्दन् शब्द भावजयीचा. ताई तिच्याकडे पाठ करून बोलत राहिली.

"किती छान समजावतेस गं!" आत्याचा आवाज मुळातच मोठा, खोलीभर ऐकू गेला. "तूच डॉक्टर व्हायला हवी होतीस."

सुनेने नानांसाठी पेल्यात पाणी ओतलं.

नाना मात्र अगदी खुशीत होते.

"आता जमलं बघ तुला," ते लेकीला म्हणाले.