बल्बचा फोटो

“मावशी, तेवढा बल्ब बंद करता का?” कॅमेऱ्यातून डोळा न काढता अमित म्हणाला.

भागीबाईने बल्बकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. झिपरूने बटण दाबलं. पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर वीज येऊन आठ दिवस झाले होते. एरवी ती न सांगता जायची. आज लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिल्यांदाच कुणीतरी विनंती करून तिला घालवलं.

अमित नाशिकहून आला होता. सोमवार ते शुक्रवार तो विमा कंपनीत असे, आणि शनिवार-रविवारी कलावंत. त्याच्या छायाचित्र मंडळाने दिवाळीची स्पर्धा ठेवली होती, विषय ‘निर्मळ दिवाळी’. शहरातली दिवाळी निर्मळ राहिलेली नाही यावर मंडळाचं एकमत होतं. म्हणून तो साठ किलोमीटर गाडी चालवत ती शोधायला आला, आणि सापडली नाही तर अडचण नको म्हणून पन्नास पणत्या, वाती आणि तेलाचा डबा सोबत घेऊन आला. पाड्यावर शेणाचे दिवे लावतात हे त्याला ठाऊक होतं. पण फोटोत ते शेणाचे दिसतात.

भागीबाईचं म्हणणं साधं होतं. अमित गाडीतून उतरला तेव्हाच तिने ते सांगून टाकलं होतं. तिची लेक संजना विंचूरला राहते, नवरा कांद्याच्या खळ्यावर कामाला. चार दिवाळ्या झाल्या, ती माहेरी आली नाही. नात अंधाराला घाबरते, तुमच्याकडे लाईट आली की येऊ, असं जावई म्हणतो. झिपरू दर दिवाळीला फोनवर सांगायचा, खांब आलेत, आता तार येईल. पुढच्या वर्षी, तार आलीय, आता मीटर येईल. यंदा लाईट खरंच आली आणि त्याने ते सांगितलं, तेव्हा जावई बराच वेळ हसत राहिला. म्हणाला, मामा, फोटो पाठवा.

झिपरूच्या फोनला कॅमेरा नव्हता. म्हणून भागीबाईने भिंत सारवली, बटणाच्या पाटीला हळदकुंकू लावलं, नवं लुगडं नेसली. आता बल्बखाली तिचा एक फोटो काढायचा आणि जावयाच्या मोबाईलवर पाठवायचा, एवढंच काम होतं. अमित “नक्की” म्हणाला होता. त्याने नंबरही घेतला होता.

“बल्बचा शेवटी काढतील,” झिपरू तिच्या कानाशी म्हणाला. चांगली गोष्ट शेवटीच ठेवतात, हे तिलाही पटलं.

पणत्या लागल्या. दरीतलं धुकं पायऱ्या चढल्यासारखं सावकाश वर आलं आणि अंगणाच्या कडेला येऊन बसलं. खालची शेतं गेली, वाट गेली, शेजारचं घरही गेलं. उरलं फक्त सारवलेलं अंगण आणि त्यावरचे पन्नास उजेड, जणू घर जमिनीपासून सुटून कुठेतरी निघालं होतं आणि कुणाला घाई नव्हती. कापलेल्या भाताचा ओला वास येत होता. कॅमेरासुद्धा थोडा वेळ गप्प बसला.

भागीबाई हातात एक पणती घेऊन उंबऱ्यावर बसली होती. माझ्याकडे बघू नका, लांब बघा, असं तिला सांगितलं होतं. तिने विंचूरच्या दिशेला बघितलं. मध्ये अख्खा डोंगर होता, पण बघायला सांगितलं तर बघायचं. बघता बघता तिला वाटलं, पणत्यांमधून एक लहान पोर चालत येतंय, पावलं जपून टाकतंय. नातीला तिने एकदाच पाहिलं होतं, पाळण्यात.

अमितने चाळीस फोटो काढले. बाईच्या डोळ्यांत त्याला काहीतरी प्राचीन दिसत होतं. ते विंचूर होतं.

मग तिने आठवण करून दिली, तेव्हा बल्ब लावून त्याने तोही फोटो काढला. भागीबाई ताठ उभी राहिली, बल्बकडे बोट करून. फोटो अगदीच वाईट आला. वर एक पांढरा गोळा, खाली खूश बाई.

अमित शब्दाचा पक्का होता. घाट उतरल्यावर मोबाईलला रेंज आली तशी त्याने गाडी बाजूला घेतली. फोटो मोबाईलवर उतरवून घेतले, एकेक पाहिले. आपल्या हातून इतका वाईट फोटो बाहेर जावा हे त्याला काही केल्या पटेना, मग तो जावयाला का असेना. त्याने जावयाला सगळ्यांत चांगला फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘इथे आजही फक्त पणतीचा उजेड.’ एका माणसाला आनंद दिल्याचं समाधान घेऊन तो नाशिकला पोचला.

भाऊबीजेला, दिवस मावळायच्या सुमाराला, खालच्या रस्त्यावर जीप थांबली. भागीबाईने बल्ब दुपारीच लावून ठेवला होता. खांद्याला पिशवी, कडेवर पोर, अशी एक बाई वर चढत येताना दिसली. झिपरू उठून उभा राहिला. फोटोने काम केलं, असं तो दोनदा म्हणाला.

संजना अंगणात येऊन थांबली. मान वर करून बल्बकडे बघत राहिली. भागीबाईने नातीला तिच्या कडेवरून घेतलं.

“बघितला ना फोटो?” तिने विचारलं.

“बघितला ना,” संजना म्हणाली. तिची नजर अजून वरच होती. “त्याच्यात लय अंधार व्हता, आई. तू एकलीच बसलेली. म्हटलं, हिच्याकडं लाईट काय आता येत नाय. आपणच जाऊ.”