वरचे दात

"विषारी आहे का, तेवढंच सांग," पशुवैद्य नवरा म्हणाला.

तिने अळंबं बुडापासून अलगद उकरलं. पांढरीशुभ्र टोपी, दांड्यावर झालर, तळाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी. अळंब्यांच्या अभ्यासात तिचे केस पिकले होते; शंकेला जागाच नव्हती.

"आहे."

टोपीचा चतकोर भाग कुणीतरी खाल्ला होता, आणि प्राणिसंग्रहालयाच्या त्या कुंपणात पिसोरी एकटीच राहत होती. सशाएवढं हरीण ते, नखाएवढे खूर, त्यात पोटुशी. सकाळपासून कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सफरचंदाची फोड तशीच पडलेली.

"झाडाखालचा पाला झाडू नका, छान अळंबी उगवतील, असं कोण म्हणालं होतं?"

तीच म्हणाली होती. घरी दोघांची रोजची जुंपायची. तुझी अळंबी जागची हलत नाहीत, तुझी पिसोरी कुणाला दिसत नाही. मग दोघंही हसायची. आज पिसोरी गेली तर हा आपल्याला माफ करेल, पण तसा हसणार नाही पुन्हा.

हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून तिने भिंग काढलं आणि खाल्लेली कड पाहिली.

"किती नीट खाल्लंय रे," ती रडवेली होऊन म्हणाली. "वरून दोन दातांचे चरे, खालून दोन..."

"वरून?"

त्याने भिंग हिसकावलं. पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"अगं, पिसोरीला वर पुढचे दातच नसतात! शेळीसारखंच. हे उंदराचं नाहीतर खारीचं काम!"

आता मात्र तिला रडूच फुटलं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. सकाळपासूनची वर्दळ आणि आरडाओरडा थांबला तशी पिसोरी कोपऱ्यातून बाहेर आली, फोड हुंगली आणि खाऊ लागली.

"पाला आत्ताच झाडून घेते," ती नाक पुसत म्हणाली.

त्याने ते अळंबं उचललं. नुकतंच जन्मलेलं पिल्लू धरावं तसं, दोन्ही हातांच्या ओंजळीत.

"अरे, चावणार नाही ते."

"माहितीये," तो म्हणाला. "यालाही वरचे दात नसतात."