रापणीतला वाटा

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला हात लावला की लहान-मोठं न बघता प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. वैजूनेही आज सगळ्यांबरोबर दोर ओढला आणि जाळं वाळूवर आल्यावर फ्रॉकचा ओचा पसरला.

"बाबांचापण वाटा द्या. बरं वाटलं की आई त्यांना मुंबईहून घेऊन येणारे!"

एरवी तिला चिडवणाऱ्या म्हाताऱ्या रापणकराने मुकाट्याने ओचा बांगड्यांनी भरला आणि तोंड फिरवलं.

वैजूने ओच्यात बघितलं. आठवडाभर काकू रोज डाळभात वाढून सांगत होती, "समुद्रात मासळीच नाय गो बाये." इथे तर जाळं फाटायला आलं होतं!

ती धावतच घरी आली. काकूने तिला दारातच अडवलं. "आत आणू नको गो. शेजारी देवन ये."

"का पण? आज सोमवार नाही, एकादशी नाही..."

काकू तोंडाला पदर लावून आत पळाली.

वैजू तिथेच उभी राहिली. गेल्या वर्षी आजोबा गेले, तेव्हा या घरात बारा दिवस मासा शिजला नव्हता. बाबांनी आणि काकांनी डोकी भादरली होती.

पडवीत काका बसले होते. बाबांना बघून मुंबईहून परतल्यापासून ते जेवतानासुद्धा टोपी घालत होते.

तिच्या हातातून ओचा सुटला. बांगडे पायांवर सांडले.

"काका," ती म्हणाली, "टोपी काढा ना."